भाजलेल्याची तहान

औषधांच्या दुकानात मी सव्वीस वर्षं काम केलं. पहिली दोन वर्षं सलाईनची खोकी उचलण्यात गेली. खोक्यांवरची अक्षरं ओळखायला शिकलो तेव्हा एनएस, डीएनएस आणि आरएल एवढे तीन प्रकार पाठ झाले. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट. समोरच्या रुग्णालयातून चिठ्ठी आली की मी बाटल्या मोजून द्यायचो. रिंगर हा कुणी माणूस होता, त्याने बेडकाच्या काळजावर प्रयोग केले होते, हे मला चाळिशीनंतर कळलं. ते कळण्याचं कारण एक कागद होता.

आजोबा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक मामाने माझ्याकडे दिली, कारण घरात जुन्या कागदांची आवड असलेला मी एकटाच. त्या ट्रंकेत तालुक्याच्या दवाखान्याची एक चिठ्ठी सापडली. रुग्णाचं नाव, वय २२, स्त्री, ४० टक्के भाजली, सलाईन २ बाटल्या, पुढील उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना. तारीख १९८५ सालची. ती माझी मावशी. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. पंपाच्या स्टोव्हचा भडका उडाला आणि अंगावरच्या नायलॉनच्या साडीने पेट घेतला. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती गेली.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आजोबांच्या अक्षरात चार ओळी होत्या. आजोबा प्राथमिक शिक्षक, सगळ्याची नोंद ठेवणारे. ६.१५ स्टोव्ह. ७.४० जीप. ९.३० दवाखाना. २.३० जिल्हा. त्या ओळींकडे मी बराच वेळ बघत बसलो. मुलगी जळालेली असताना बाप वेळा का लिहून ठेवतो, हा प्रश्न तेव्हा पडला. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की चिठ्ठीच्या पुढच्या बाजूपेक्षा मागच्या बाजूला अधिक महत्त्वाची माहिती होती.

मी डॉक्टर नाही. पुढे जे लिहितो आहे ते आठ-दहा वर्षांच्या वाचनातून जमलेलं आहे. शब्दकोश शेजारी ठेवून वाचलेले जुने शोधनिबंध, काही ग्रंथ, आणि दुकानात येणाऱ्या दोघा-तिघा डॉक्टरांना विचारून विचारून हैराण केल्याचं फळ.

आपल्या वर्तमानपत्रांत भाजल्याची बातमी एका ठरावीक साच्यात येते. अमुक गावची विवाहिता, इतके टक्के भाजली, उपचार सुरू असताना मृत्यू. ऐंशीच्या दशकात अशा बातम्या रोज असत. कायद्यात ४९८-अ हे कलम १९८३ साली आलं आणि ३०४-ब १९८६ साली, ते याच बातम्यांच्या पार्श्वभूमीवर. मावशीचा प्रकार तसा नव्हता, ती आजोळच्या घरातच होती. पण त्या बातम्या वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकायची. जबाब. मॅजिस्ट्रेट येतात, बाई शुद्धीवर असते, नीट बोलते, कुणाचं नाव घ्यायचं ते घेते किंवा घेत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाते. मावशीही बोलत होती. जीपमध्ये तिने आईला भाकरीच्या पिठाचा डबा झाकायला सांगितला होता. एवढी बोलणारी बाई दीड दिवसात कशी जाते?

गेल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पाश्चात्त्य वैद्यकातही याचं सर्वमान्य उत्तर विषाचं होतं. जळालेल्या कातडीत काहीतरी विष तयार होतं, ते रक्तात भिनतं आणि माणूस मरतो, असं मोठमोठे डॉक्टर मानत. मग उपाय काय, तर विष आत शिरू द्यायचं नाही. १९२५ साली डेट्रॉइटच्या एडवर्ड डेव्हिडसनने जखमेवर टॅनिक अ‍ॅसिड मारायची पद्धत आणली. चामडं कमावायला वापरतात तोच हा पदार्थ. जखमेवर कडक काळपट कवच धरायचं, पाझरणं कमी व्हायचं, ठणका कमी व्हायचा, आणि ही पद्धत जगभर पसरली. पुढे १९४०च्या दशकात यकृताला इजा होते हे लक्षात आल्यावर ती सोडावी लागली.

खरं उत्तर शोधणारा माणूस शल्यचिकित्सक नव्हता. फ्रँक अंडरहिल हा येल विद्यापीठातला विषांचा आणि औषधांचा अभ्यासक. पहिल्या महायुद्धात त्याने युद्धात वापरलेल्या विषारी वायूंवर काम केलं होतं. फॉस्जिनसारख्या वायूने फुफ्फुसात पाणी भरतं आणि ते पाणी रक्तातून येत असल्याने मागे उरलेलं रक्त दाट होत जातं, हे त्याला तिथे दिसलं होतं. युद्ध संपलं. २७ नोव्हेंबर १९२१ रोजी त्याच्याच गावात, न्यू हेवनमध्ये, रियाल्टो नावाच्या सिनेमागृहाला आग लागली. भाजलेली सुमारे वीस माणसं त्याला अभ्यासता आली. त्याने दोन साध्या गोष्टी केल्या. रक्तातलं हिमोग्लोबिन वारंवार तपासलं आणि फोडांमधलं पाणी काढून त्याचं पृथक्करण केलं. रक्त तासातासाला दाट होत होतं. आणि फोडांमधलं पाणी हे नुसतं पाणी नव्हतं, त्यात मीठ होतं, प्रथिनं होती. ते जवळजवळ प्लाझ्मा होतं, म्हणजे तांबड्या-पांढऱ्या पेशी वजा केल्यावर रक्ताचा जो पिवळसर द्रव उरतो तो.

विष भिनून माणूस मरत नव्हता. तो आतल्या आत गळत होता.

इथे थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण मला स्वतःला हे समजायला वेळ लागला. आपल्या केशवाहिन्यांच्या भिंती मातीच्या माठासारख्या असतात, थोडं झिरपू देतात, बाकीचं धरून ठेवतात. भाजल्यावर त्या भिंतींची धरून ठेवण्याची शक्ती जाते. रक्तातला द्रव भराभर बाहेर पडतो. काही जखमेवरून वाहून जातो, पण पुष्कळसा शरीरातच मांसात साठतो, म्हणून सूज येते. शरीराचा साधारण पाचवा-चौथा भाग भाजला की न भाजलेल्या भागातल्या केशवाहिन्याही गळू लागतात. मावशीचा चेहरा भाजला नव्हता, तरी दुपारपर्यंत तिचे डोळे सुजून मिटले होते, असं आई सांगते. म्हणजे शरीरात पाणी असतं, वजन उलट वाढतं, पण नसांमधून फिरायला काही उरत नाही. हृदय रिकामं धावतं. मूत्रपिंडाला रक्त पोचत नाही, लघवी बंद होते. मेंदू मात्र शेवटपर्यंत आपल्या वाट्याचं रक्त ओढून घेतो. म्हणून माणूस बोलत राहतो. आणि सारखं पाणी मागतो.

ही गळती भरून काढता येते हे वैद्यकाला नव्वद वर्षं आधीच कळायला हवं होतं, किंबहुना कळलंच होतं, पण दुसऱ्या रोगाच्या संदर्भात. १८३१-३२च्या पटकीच्या साथीत विल्यम ओशॉनेसी या कोवळ्या वयाच्या डॉक्टरने इंग्लंडमध्ये रोग्यांचं रक्त तपासून सांगितलं की यातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, ते परत घाला. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला, मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला, आणि आपल्या देशात तारायंत्राच्या तारा त्यानेच ओढल्या. एका आयुष्यात माणसाने किती करावं!) स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटाने ते करून पाहिलं. १८३२च्या मे महिन्यात एका मरणपंथाला लागलेल्या वृद्धेच्या शिरेत त्याने मिठाचं पाणी सोडलं. तीनेक लिटर गेल्यावर बाई बोलू लागली. लाटा दमला होता, तिला दुसऱ्याच्या हवाली करून विश्रांतीला गेला. ढाळ-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी पुन्हा कुणी चढवलं नाही, आणि काही तासांत ती वारली. पुढल्याच वर्षी लाटाही गेला आणि ही पद्धत मागे पडली.

लाटाची ही हकिगत मी मुद्दाम सांगतो आहे. पाणी देणं ही एक गोष्ट झाली. किती द्यायचं, किती वेळात द्यायचं आणि कधी थांबायचं, हे दुसरं. भाजलेल्यांच्या उपचाराचा पुढचा सगळा इतिहास हा त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

२८ नोव्हेंबर १९४२, शनिवारची रात्र, बॉस्टन. कोकोनट ग्रोव्ह नावाचं नाइटक्लब. सजावटीला खोट्या ताडामाडाची झाडं आणि छताला कापड. आत क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसं. मुख्य दाराला फिरता दरवाजा, तो माणसांच्या लोंढ्याने अडकला, आणि काही दारं आत उघडणारी असल्याने उघडताच आली नाहीत. ४९२ माणसं मेली. बॉस्टन सिटी हॉस्पिटलात तासाभरात तीनशेच्या घरात माणसं आणली गेली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ११४ आली, त्यांपैकी पहिल्या काही तासांनंतर ३९ जिवंत उरली.

युद्ध चालू होतं, म्हणून शहरात प्लाझ्माचा साठा तयार होता. मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये ऑलिव्हर कोप याने टॅनिक अ‍ॅसिड, रंग, खरवडणं हे सगळं बाजूला ठेवलं, जखमांवर नुसती व्हॅसलिनची जाळी बांधली आणि सारं लक्ष शिरेतून जाणाऱ्या द्रवाकडे दिलं. त्याच्याबरोबर फ्रान्सिस मूर नावाचा एक तरुण निवासी डॉक्टर होता. हे दोघे त्या रात्रीनंतर पाच वर्षं या प्रश्नामागे होते. मूरने पुढे जड पाण्याचा, म्हणजे ड्यूटेरियमचा, वापर करून माणसाच्या शरीरात एकूण पाणी किती असतं हे जिवंतपणी मोजण्याची रीत काढली. शरीर म्हणजे पाण्याचे कप्पे, आणि भाजल्यावर पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं, ही भाषा त्यांच्या १९४७च्या निबंधाने रूढ केली. दर एक टक्का भाजण्यामागे ७५ मिली प्लाझ्मा आणि ७५ मिली मिठाचं पाणी, निम्मं पहिल्या ८ तासांत, उरलेलं पुढच्या १६ तासांत, असा त्यांचा हिशेब होता. आज जगातल्या कुठल्याही भाजलेल्यांच्या कक्षात हे ८ आणि १६ ऐकू येतात, ते इथून आलेले आहेत. गळती पहिल्या काही तासांत सर्वांत जोरात असते आणि मग ओसरत जाते, म्हणून ही वाटणी.

पण टक्का मोजायचा कसा? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १९२४ साली बर्को नावाच्या डॉक्टरने शरीराच्या कातडीचे अवयववार हिस्से पाडून दाखवले होते. कोकोनट ग्रोव्हच्या रात्री बॉस्टन सिटी हॉस्पिटलात काम केलेल्या लंड आणि ब्राउडर यांनी १९४४ साली ते सुधारले आणि वयाप्रमाणे कोष्टक दिलं, कारण तान्ह्या मुलाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने मोठं असतं आणि पाय लहान. पण धावपळीत कोष्टक कोण बघणार? एडिंबराच्या वॉलेसने १९५१ साली नवांचा नियम छापला आणि तो लगेच सगळ्यांच्या तोंडी बसला. डोकं नऊ, एकेक हात नऊ, एकेक पाय अठरा, छाती-पोट मिळून अठरा, पाठ अठरा. बेरीज नव्व्याण्णव होते, उरलेला एक जननेंद्रियांचा. विखुरलेल्या जखमांसाठी रोग्याचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरायचा, तो साधारण एक टक्का. उन्हाने भाजल्यासारखी नुसती लाल झालेली कातडी यात धरायची नाही.

म्हणजे आपल्या बातमीतला तो 'टक्के भाजली' हा आकडा मरणाची शक्यता सांगायला जन्मलेला नाही. तो किती बाटल्या लावायच्या हे ठरवायला जन्मला. आपण त्याचा पहिला अर्थ तेवढा घेतला.

कोप-मूर यांच्या हिशेबात एक खोट होती. चाळीस किलोच्या बाईला आणि नव्वद किलोच्या गड्याला सारखंच पाणी मिळायचं. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या एव्हरेट एव्हान्सने १९५२ साली वजन हिशेबात घेतलं. किलो गुणिले टक्के गुणिले एक मिली प्लाझ्मासारखा द्रव, तेवढंच मिठाचं पाणी, शिवाय दोन लिटर ग्लुकोज. अणुबॉम्बच्या भीतीचे दिवस होते, एका वेळी हजारो भाजलेली माणसं आली तर काय, या चिंतेपोटी अमेरिकी सैन्य अशा संशोधनाला हात सैल सोडून पैसे देत होतं. पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या ब्रूक लष्करी रुग्णालयाने प्लाझ्माचा वाटा अर्धा केला आणि मिठाचं पाणी वाढवलं. प्लाझ्मा महाग, आणि अनेकांचं रक्त एकत्र करून केलेल्या प्लाझ्मातून कावीळ पसरते हे तोवर लक्षात आलं होतं.

मग डॅलसचं पार्कलँड हॉस्पिटल. हे नाव वाचकांना वेगळ्या कारणाने माहीत असेल. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींना तिथेच आणलं होतं. त्यांना वाचवायला धडपडणाऱ्या डॉक्टरांत चार्ल्स बॅक्स्टर होता. त्याचा वरिष्ठ टॉम शायर्स याने त्याच दिवसांत जखमी गव्हर्नर कॉनलींवर शस्त्रक्रिया केली आणि दोन दिवसांनी ज्याच्यावर खुनाचा आरोप होता त्या ऑस्वाल्डवरही. इतिहास त्यांना त्या शुक्रवारसाठी ओळखतो. पण मला विचाराल तर त्यांचं मोठं काम १९६८चं आहे. किरणोत्सारी खुणा लावून त्यांनी तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि पेशींबाहेरचं पाणी वेगवेगळं मोजलं आणि दाखवलं की पहिल्या २४ तासांत प्लाझ्माची गरज नाही. केशवाहिन्या गळत असताना घातलेली प्रथिनंही गळूनच जातात. पुरेसं क्षारयुक्त पाणी मिळालं तर हृदय सावरतं. पुरेसं म्हणजे दर किलोला, दर टक्क्याला साधारण ४ मिली. निम्मं पहिल्या ८ तासांत. प्लाझ्मा दुसऱ्या दिवशी.

आणि ते क्षारयुक्त पाणी म्हणजे रिंगर लॅक्टेट. माझी खोक्यातली बाटली.

सिडनी रिंगर लंडनचा. १८८२च्या सुमारास तो बेडकाचं काढलेलं काळीज मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवायचा प्रयोग करत होता आणि ते छान धडधडत होतं. मग कळलं की मदतनीस डिस्टिल्ड वॉटरऐवजी लंडनच्या नळाचंच पाणी वापरत होता. शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात काळीज थोड्या वेळात थांबलं. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा तो गुण होता. रिंगरने पुढच्या वर्षीच्या निबंधात ही चूक प्रामाणिकपणे लिहिली. त्यात लॅक्टेट घातलं सेंट लुइसच्या अ‍ॅलेक्सिस हार्टमनने, १९३२ साली, जुलाबाने रक्त आंबट झालेल्या तान्ह्या मुलांसाठी. यकृत लॅक्टेटचं रूपांतर करून ती आम्लता उतरवतं. नुसत्या मिठाच्या पाण्यात क्लोराइड जास्त, ते लिटरच्या लिटर गेलं तर आम्लता उलट वाढते. बाटलीवर घटक छापलेले असतात: १०० मिलीत मीठ ०.६ ग्रॅम, सोडियम लॅक्टेट ०.३२, पोटॅशियम आणि कॅल्शियम नावापुरतं. सव्वीस वर्षं ते माझ्या डोळ्यासमोर होतं.

सूत्र पाठ करणं सोपं असतं, दुकानातल्या पोरालाही करता येतं. यात दोन गोष्टी मात्र अशा आहेत की त्या न कळल्या तर सूत्र निरुपयोगी. पहिली, घड्याळ कधी सुरू होतं. ते रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही, आग लागली त्या क्षणी सुरू होतं. केशवाहिन्यांना तुम्ही जीप शोधत होतात हे ठाऊक नसतं. आठ तासांतले तीन वाटेत गेले तर तेवढंच पाणी उरलेल्या पाचांत द्यावं लागतं. दुसरी, सूत्र हा सुरुवातीचा अंदाज आहे, उत्तर नाही. उत्तर लघवी देते. मोठ्या माणसात दर किलोला तासाला अर्धा मिली, लहान मुलात एक मिली, इतकी झाली तर बरोबर चाललं आहे. कमी झाली तर वेग वाढवायचा, जास्त झाली तर कमी करायचा. म्हणजे नळी, पिशवी आणि दर तासाला वाकून आकडा लिहिणारी एक परिचारिका. या सगळ्या विज्ञानाचा शेवट त्या वाकण्यात आहे.

ते वाकणं जिथे सुटलं तिथे दुसरं टोक गाठलं गेलं. पुढच्या तीस वर्षांत अमेरिकेतल्या कक्षांत माणसं पाण्याअभावी मरेनाशी झाली, आणि पाण्याच्या अतिरेकाने मरू लागली. हात सैल होत गेला, सूत्रापेक्षा कितीतरी जास्त पाणी जाऊ लागलं. पोटात इतकी सूज की आतला दाब वाढून मूत्रपिंड आणि फुफ्फुसं दबतात, पोट उघडावं लागतं. सॅन अँटोनियोचा बेसिल प्रुइट, आयुष्यभर सैन्याच्या भाजलेल्यांवर काम केलेला, त्याने २००० साली लंबक मागे ढकला असं बजावलं. आता मोठ्या माणसाला सुरुवात २ मिलीने करावी असं शिकवतात, लहान मुलाला ३ आणि विजेच्या धक्क्याने भाजलेल्याला ४. गंमत अशी की सव्वाशे-दीडशे वर्षं घालवून मिळवलेला आकडाही स्थिर राहिला नाही. मला यात निराशा वाटत नाही. आकडा बदलला, लघवी मोजणं बदललं नाही.

आणि तोंडाने पाणी? आमच्या घरात त्या सकाळी आजी ओरडली होती, भाजलेल्याला पाणी देऊ नका, दिलं की जीव जातो. हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. मी बरीच वर्षं ही अंधश्रद्धा मानली आणि मनातल्या मनात आजीवर राग धरला. आता तेवढा धरवत नाही. मोठ्या भाजण्यात आतड्यांचं काम मंदावतं, घटाघटा प्यायलेलं उलटून पडतं. आणि मीठ गमावलेल्या शरीरात नुसतं पाणी ओतलं तर उरलेलं मीठही पातळ होतं, झटके येऊ शकतात. कुणीतरी कधीतरी तांब्याभर पाणी दिल्यावर माणूस गेलेला पाहिला असणार. पण मीठ घातलेलं पाणी ही वेगळी गोष्ट. १९५०च्या दशकात सॅनफोर्ड रोझेन्थल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेरूमधल्या लिमा शहरात, जिथे प्लाझ्मा मुबलक नव्हता, भाजलेल्यांना मिठाचं पाणी देऊन पाहिलं, पुष्कळसं तोंडानेच, आणि ते प्लाझ्माच्या तोडीचं ठरलं. १९७१ साली आपल्याकडे बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे रोगी वाचवले, ते जगाला माहीत आहे. लिमाचं मात्र फार कुणाला माहीत नाही.

आता ती चिठ्ठी. मावशीचं वजन तिच्यावर लिहिलेलं नाही. आईच्या अंदाजाने अठ्ठेचाळीस किलो. साडीचा पुढचा घोळ पेटला होता, म्हणजे छाती-पोट अठरा, दोन्ही पायांच्या पुढच्या बाजू अठरा, विझवताना हात चार. चाळीस टक्के, चिठ्ठी लिहिणाऱ्याने बरोबर मोजलं होतं. चार गुणिले अठ्ठेचाळीस गुणिले चाळीस, ७६८० मिली. निम्मं म्हणजे ३८४० मिली दुपारी सव्वादोनपर्यंत. दवाखान्यात ती साडेनऊला पोचली, पावणेपाच तास उरले होते, म्हणजे तासाला आठशे मिली. तिला त्या वेळात दोन बाटल्या मिळाल्या, लिटरच्या आसपास. आजच्या २ मिलीच्या बेताच्या हिशेबानेही तोवर १९२० मिली जायला हवं होतं. जिल्ह्याला गाडी लागली तेव्हा आठ तास उलटून गेले होते. पिशवीत चहासारखं थोडंसं काहीतरी होतं, असं आई म्हणते.

मी यात कुणाला दोष देऊ शकत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरकडे त्या दिवशी कपाटात किती बाटल्या होत्या, हाताखाली कोण होतं, हे कागदावर नाही. टक्के त्याने अचूक मोजले, रवाना करण्यातही वेळ घालवला नसावा. त्याच्या छापील चिठ्ठीत भाजल्याची वेळ लिहायला जागाच नव्हती. ती आजोबांनी मागे लिहिली.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी आईला सगळा हिशेब समजावून सांगितला. ती आता ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पण तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. जीपमध्ये मावशीचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिने तिथपर्यंत तसाच धरला होता.

"म्हणजे मी पाणी पाजलं असतं तर?" तिने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. एका तांब्याने काही झालं नसतं. साडेसात लिटर लागलं असतं, मिठाचं, शिरेतून, आणि सकाळपासून.

"ते असेल रे," ती म्हणाली. "पण ती मागत होती."